आधी अप्पाचं, मग माझं

लातूरला गोलाईतून फुटणाऱ्या एका बोळात ‘बानो टेलर्स’ अशी पाटी आहे. नवखी बाई पाटी वाचून ब्लाऊजपीस घेऊन पायरी चढते आणि आत नुसत्या शर्टप्यांटी टांगलेल्या बघून उतरते. गुलाम रसूल मास्टर मशीनवरची मान वर न करता म्हणतात, “पुढच्या बोळात जा ताई. इथं गड्यांचं शिवत्यात.” पाटी बदला, असं त्यांना कितीतरी जणांनी सांगितलं. त्यांनी बदलली नाही. बानो त्यांची थोरली बहीण. भूकंपात गेली.

पूजा आटोपली की मी रोज वहीत दोन-चार ओळी लिहिते. काय रांधलं, कोण आलं, कुणाचं लग्न निघालं. आज मास्टरांबद्दल लिहायला बसले आहे आणि ते दोन-चार ओळींत मावणार नाही.

मास्टर आमच्या यांचे दोस्त. हे म्हणजे बसलिंगप्पा. सगळं गाव यांना अप्पा म्हणायचं. रेणापूरकडं आमचं थोडं शेत, आणि हे लातूरला एका आडतीवर मुनीम होते. तुरीची पोती मोजून झाली, हातपाय धुतले, की संध्याकाळी घरी यायच्या आधी मास्टरच्या दुकानापुढच्या लाकडी फळीवर बसायचे. त्या फळीला दोघं ओटा म्हणायचे. तिथं चहा आणि वाद. मी कधी भाजी घ्यायला गेले की मलाही थांबवून घ्यायचे. “वैनी, जरा ऐका, ह्या माणसाला समजवा.” मास्टर असं म्हणायचे आणि समजवून मात्र कुणीच घ्यायचं नाही.

वाद कशावरही. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा ऊस लावावा का न लावावा यावर महिनाभर चाललं. पोरीला शिकायला लांब ठेवावं का, देवळाचा भोंगा मोठा का मशिदीचा, लग्नात डीजे असावा का. पण त्या ओट्याला एक रीत होती. कुणीही आपलं उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तेही असं, की समोरच्यानं “हाव, हेच म्हणून राहिलो मी” असं म्हणलं पाहिजे. काही राहिलं असेल तर तो फळीवर बोटानं दोनदा टकटक करायचा. टकटक म्हणजे, अजून आहे. मग पुन्हा सांगायचं. ते पुरं झाल्याशिवाय आपली बाजू उघडायची नाही.

दुसरी रीत चहाची. ज्याला समोरच्याचं पटलं, त्यानं तळहात उताणा करून फळीवर ठेवायचा. आणि चहा पाजायचा तो जिंकणाऱ्यानं. मी एकदा म्हणाले, “हे उलटंच की हो मास्टर.” तर म्हणाले, “वैनी, ज्याचं मत बदललं त्याला कष्ट पडले. मी तर होतो तिथंच बसून राहिलो. मग चहा कुणाला पायजे?”

ही रीत हौसेनं निघाली नव्हती.

भूकंपाच्या साली यांची आणि मास्टरची ओळख नुसती कापड शिवण्यापुरती होती. हे आडतीवरच्या लोकांसोबत पडलेल्या गावांत धान्य वाटून आले, आणि येताना दुकानात चढले. गावं आहेत तिथंच पुन्हा बांधावीत का दुसरीकडं न्यावीत, हे तेव्हा घरोघरी बोललं जात होतं. हे म्हणाले, तिथंच बांधावीत, पिढ्यांची माती आहे. मास्टर म्हणाले, न्यावीत. यांचा आवाज चढला. “तुला काय रे? तुझं ना तिथं शेत ना शिवार. कापड कापणाऱ्याला माती काय कळती?”

मास्टरांनी कात्री खाली ठेवली आणि दुकानाचं शटर ओढलं.

बानो त्याच गावांपैकी एका गावात दिलेली होती, हे यांना पुढं कुणाकडून तरी कळलं. दगडमातीच्या भिंतीखाली ती आणि तिची लेकरं सापडली होती. त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि उभ्यानंच म्हणाले, “मास्टर, तुझं म्हणणं मी ऐकलंच न्हवतं. आज सांग. मी ते परत म्हणून दाखवतो. चुकलं तर थांबव.”

मास्टरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं, असं हे सांगायचे. मग म्हणाले, “त्याच दगडांच्या भिंती उभ्या करून त्याखाली परत लेकरं झोपवायची का, एवढंच माझं म्हणणं हाय.” यांनी ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. आणि मग मास्टरांनीच म्हणलं, “आता तुझं मी सांगतो. म्हातारी माणसं नव्या जागी पत्र्याखाली बसली तर त्यांना आपली सावलीबी वळखू यायची न्हाई, आसंच ना?” हे म्हणाले, “हाव.” मग यांनी हात उताणा केला आणि मास्टरांनी चहा मागवला. तिथून ओटा सुरू झाला.

एकमेकांना चिडवायला मात्र रीत आडवी यायची नाही. हे म्हणायचे, “मास्टर, तुझी कात्री सरळ चालती, पर जीभ कळी कापल्यागत तिरकी चालती.” मास्टर म्हणायचे, “अप्पा, तुला वकील व्हायचं व्हतं, बापानं तुरीवर बसवलं. आता पोती तुझ्याशी बोलत न्हाईत म्हणून तू माझ्याकडं येतो.” एकदा मरणाचा विषय निघाला. आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून माती देतात. हे म्हणाले, “मास्टर, आपण दोघंबी मातीतच जाणार. फरक एवढाच, तू आडवा, मी बसून.”

“बसून कशाला? तिथंबी वाद घालायला?”

“हाव. आडवा माणूस वादात झोपतो.”

मी शिवशिव म्हणून कानावर हात ठेवले होते. ते दोघं मात्र खोकला येईपर्यंत हसले.

अलीकडं दिवस बदलले. एकदा मी तिथंच होते. एक ओळखीचं गिऱ्हाईक, हरिओम, प्यांट न्यायला आला आणि फोनमधला कसलासा व्हिडिओ मास्टरांच्या नाकापुढं धरून म्हणाला, “बघा, तुमचे लोक काय करून राहिले.” हे उठायला लागले. मास्टरांनी यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसवलं आणि हरिओमला म्हणाले, “बसा दादा. ह्या गोष्टीवर माझं काय म्हणणं असंल, ते आधी तुम्ही सांगा. मग मी तुमचं सांगतो.”

“मला काय माहीत तुमचं काय म्हणणं?”

“मग माहीत करून घ्या की. प्यांटीला काजं करायची हायत, तवर वेळ हाय.”

हरिओम बसला नाही. फणकाऱ्यानं गेला. पुढच्या आठवड्यात प्यांट न्यायला आला तेव्हा बसला, आणि बराच वेळ बसला. काय बोलले ते मला ठाऊक नाही. हे एवढंच म्हणाले, “तासाभरात मास्टरनं एकदाबी आवाज चढवला न्हाई. माझ्याच्यानं झालं नसतं.”

मागच्या दिवाळीनंतर यांना लकवा झाला. सकाळी तांब्या हातातून निसटला आणि उजवं अंग गेलं. वाचा गेली. महादेवानं एवढ्या बोलक्या माणसाचं नेमकं बोलणंच नेलं, हे मला अजून पचत नाही. मी देवाला दोष देत नाही, पण रोज विभूती लावताना त्याला विचारते. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा यांच्याकडं एक “अं” आणि डावा हात, एवढंच उरलं होतं.

मास्टर रोज यायला लागले. दुकान लवकर बंद करायचे आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, “अप्पा, सोयाबीन आत्ता विकावं का ठिवावं? तू म्हणशील, ठिवावं. कशावरून म्हणशील सांगतो.” आणि यांची बाजू अशी सांगितली, की हे बोलत असल्यासारखंच वाटलं. मधेच “आता बघ बरं का मास्टर” हे यांचं पालुपदसुद्धा घातलं. यांनी डाव्या हाताच्या बोटानं पलंगाच्या लोखंडी गजावर टकटक केलं. अजून आहे! मास्टर खुर्चीत सरळ झाले. “काय राहिलं? थांब, सांगतो.” मी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून उभी होते. लकव्यानंतर पहिल्यांदा हे कुणाशी तरी बोलत होते.

आमचा मुलगा वीरभद्र पुण्याला असतो. चांगला आहे, आईबापाला धरून आहे. तो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, “आई, अप्पाला पुण्याला न्यायचं. तिथं बोलायला शिकवणारे डॉक्टर हायत. इथं कोण हाय?” माझं मन होईना. मी म्हणाले, “त्यांना तरी विचार.”

“अप्पाला काय कळतंय आता? त्यांच्या भल्याचं आपणच बघायला पायजे.”

हे पलंगावर पडून ऐकत होते. डोळे छताकडं होते.

मास्टर तेवढ्यात आलेच. गळ्यात टेप तसाच होता. त्यांनी वीरभद्रचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वीरू, मलाबी वाटतं न्यावं. पर तुझ्या बापानं जिंदगीभर कुणाचं ऐकल्याबिगर उत्तर दिलं न्हाई. त्याचं ऐकल्याबिगर त्याला उचलायचं, हा इन्साफ न्हाई.”

“काका, ते बोलू शकत न्हाईत.”

“मी बोलतो. आधी अप्पाचं, मग माझं. अप्पाला पटलं तर तू गाडी काढ. न्हाई पटलं तर एकटा जा. कबूल?”

वीरभद्रनं माझ्याकडं बघितलं. तो खाली बसला आणि म्हणाला, “कबूल.”

मास्टरांनी खुर्ची पुढं ओढली. “अप्पा, तू म्हणतो, मी इथंच राहणार. शेतात तुझ्या बापाची समाधी हाय, तुला तिथंच जायचंय.” यांनी टकटक केलं. “सोमवारी देवळातला घंटीचा आवाज खिडकीतून येतो, तो तिथं यायचा न्हाई.” टकटक. “वैनीला तिथं बोलायला माणूस न्हाई. वीरूच्या घरी आठव्या मजल्यावर कोंडल्यागत होईल.” टकटक. “पुण्यात कुणी ‘लई’ म्हणलं की लोक हसत्यात, आन तू तर आता बोलतबी न्हाई, तुला कोण वळखणार तिथं? इथं गोलाईत शेंबडं पोरगंबी अप्पा म्हणतं.” पुन्हा टकटक.

मास्टर थांबले. हे त्यांच्याकडंच बघत होते. मास्टरांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मान खाली घातली आणि म्हणाले, “बस. एवढंच हाय अप्पाचं.”

यांचं बोट गजावर पडलं. एकदा. आणि दुसऱ्यांदा.

मास्टरांनी वर बघितलं नाही. ते लगेच आपल्या बाजूला लागले. एवढ्या वर्षांत समोरचा “हाव” म्हणायच्या आधी त्यांनी आपली बाजू उघडली, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

“आता माझं. अप्पा, वैनीची कंबर गेलीय. रोज तुला उठवून बसवायचं तिच्याच्यानं व्हत न्हाई, पर ती बोलायची न्हाई. तिथं जीभ हलवायला शिकवणारे हायत. समजा, दोन शब्द जरी आले तुला! आन एक सांगतो. भूकंपाच्या साली तू माझ्यापुढं हात उताणा केला व्हता. माती सोडवत न्हाई, मान्य. पर भिंत पडायला लागली तर आधी माणूस भाईर काढायचं, हे तुला पटलं व्हतं. आज भिंत तुझ्यावर पडून राहिली, अप्पा.”

यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं उतरलं. हे मास्टरांकडं बघत होते, मग माझ्याकडं, मग पुन्हा मास्टरांकडं. बऱ्याच वेळानं डावा हात गजावरून सुटला आणि गादीवर आला. तळहात उताणा.

वीरभद्रनं सुस्कारा सोडला. मास्टर उठले आणि मला म्हणाले, “वैनी, चहा मी करणार. रीत हाय.” त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात चहा केला, आणि साखर लई घातली. यांना पातळ गिळायला यायचं नाही, म्हणून चहात बिस्कीट कुस्करून चमच्यानं भरवला. हनुवटीवरून ओघळ आला की टेपच्या टोकानंच पुसायचे. मी टॉवेल दिला तरी त्यांच्या ध्यानात येईना.

आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टर चांगले होते, मुलगा-सून राबत होते. सून शिवांगीनं माझी देवपूजा खिडकीजवळ मांडून दिली. रोज संध्याकाळी मास्टरांचा फोन यायचा. मी तो यांच्या कानाशी ठेवायची. “अप्पा, आज विषय असा...” आणि मग यांची बाजू, मग त्यांची. पहिले काही आठवडे हे पलंगाच्या कडेवर टकटक करायचे, आणि मी फोनमध्ये सांगायची, “मास्टर, अजून हाय म्हणत्यात.” पुढं पुढं टकटक कमी झालं. एक दिवस मास्टरांनी यांची बाजू सांगितली आणि मुद्दाम काहीतरी चुकीचं घातलं, मला कळलं ते. यांनी टकटक केलं नाही. मास्टर पलीकडून म्हणाले, “बरं, अप्पा. आज तुझंच बरोबर.”

हे श्रावण लागायच्या आधी गेले. पहाटे मी इष्टलिंग पूजेला बसले होते, शिवांगीनं हाक मारली. बोलणं काही आलं नाही यांना. एकही शब्द नाही.

माती रेणापूरकडं, शेतातच दिली, बापाच्या समाधीजवळ. बसवून. मास्टर कडेला उभे होते. सगळ्यांनी माती दिली, त्यांनीही दिली. ओंजळ रिकामी झाली तरी हात तसेच धरून उभे होते. मग वाकून, अगदी हळू, आत बघून म्हणाले, “बसला ना नीट? मी आडवा असंन म्हणून झोपंन असं समजू नको.” आमच्या जंगम स्वामींनी ते ऐकलं आणि मंत्र पुढं चालू ठेवला.

यांना जाऊन वर्ष व्हायला अजून अवकाश आहे. मी आता लातूरलाच असते. वीरभद्र चल म्हणतो, बघू. काल यांचे सदरे घेऊन मी दुकानात गेले. कुणाच्या तरी अंगाला बसतील असे करून द्या म्हणावं, एवढ्यासाठी. मास्टरांनी सदरे हातात घेतले, शिवणी उलटून बघितल्या. सगळ्या त्यांच्याच हातच्या. मग मला फळीवर बसायला सांगितलं.

“वैनी, त्या दिवशी मी अप्पाचं पुरं सांगितलं न्हाई.”

मी त्यांच्याकडं वळून बसले.

“तुमच्या ध्यानात आलं असंल. शेवटी तो ठोकतच व्हता. मला माहीत व्हतं काय राहिलं ते. तो म्हणून राहिला व्हता, मी गेलो तर मास्टर एकटा पडंल. आता हे मी माझ्या तोंडानं कसं सांगू? वीरू बसलेला, तुम्ही बसलेल्या. ‘अप्पा माझ्यासाठी राहतो म्हणतो,’ असं म्हणायला शरम वाटली मला. म्हणलं, ह्यात माझा मतलब दिसंल. आन मग माझी बाजू खोटी वाटंल. म्हणून मुकाट पुढं गेलो. त्यानं हात उताणा केला, पर ऐकून घेतल्याबिगर केला. ती जीत खोटी हाय, वैनी. मी तो चहा पाजायला नको व्हता.”

बोळातून टमटम गेली. तिचा आवाज विरेपर्यंत मी थांबले. घाईनं “असं मनाला लावून घेऊ नका” म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण मी त्या फळीवर बसले होते.

म्हणून मी आधी त्यांचंच सांगितलं. “मास्टर, तुमचं म्हणणं असं. यांच्या सगळ्यांत मोठ्या कारणाला तुम्ही वाट दिली न्हाई. ते कारण तुम्ही स्वतःच व्हता, म्हणून दिली न्हाई. दिली असती तर हे इथं राहिले असते, आन इथंच, आपल्या माणसांत गेले असते. ती रीत तुमच्याच बहिणीच्या दुःखातून निघाली व्हती, आन तुम्हीच ती मोडली.”

मास्टरांनी डोळे मिटले. “हाव,” ते म्हणाले. “हेच.”

“आता माझं,” मी म्हणाले. “तुम्ही ते बोलला असता तर हे पुण्याला गेले नसते, हे खरं. मी न्हाई म्हणत न्हाई. पर मग इथं, आमच्या घरात, मी उठवू शकले नसते आन हे तसेच पडून गेले असते. तेव्हा तुम्ही याच फळीवर बसून मला म्हणला असता, वैनी, माझ्या मतलबासाठी मी अप्पाला ठिवून घेतलं. ह्या दोन्हीतलं दुःख सारखंच हाय, मास्टर. आन यांनी काय ऐकलं न्हाई म्हणता? जे तुम्ही बोलला न्हाई, तेच ऐकण्यासाठी हे एवढा वेळ तुमच्या तोंडाकडं बघत व्हते. ते ऐकलं, आन मगच हात ठिवला. मी बघत व्हते.”

मास्टरांनी मांडीवरचा सदरा उचलला, पुन्हा ठेवला. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि थांबले. रीत आठवली असणार. घसा साफ करून म्हणाले, “वैनी, आधी तुमचं सांगतो. तुम्ही म्हणून राहिल्या की... अप्पानं ऐकलं...”

पुढं त्यांना जाता येईना. दोनदा सुरू केलं, दोनदा तिथंच अडकले.

मी फळीवर टकटक केलं नाही. पदर सावरून तशीच बसून राहिले, त्यांचं पुरं होईपर्यंत.